साभार परत कुणी कुणाला करायचं?



यंदाच्या १४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या वस्तीतल्या वाचनालयाने कथास्पर्धा घेतली. परीक्षक तीन. एक आमचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दुसऱ्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाई. तिसरा मी. दहावीला गणितात गेलेला, इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधणारा, आणि या पानांवर पाच-सहा कविता छापून आलेला. वाचनालयाच्या पोरांचा हिशेब सरळ होता. कामगार पाहिजे, तरुण पाहिजे आणि फुकट पाहिजे.

३४ कथा आल्या. नावं काढून घेऊन त्यांवर नंबर टाकले होते. पंधरा दिवस ती पिशवी माझ्या घरी डब्याच्या पिशवीशेजारी खुंटीला लटकत होती. रात्रपाळी सुटली की सकाळी चहासोबत दोन कथा, झोपून उठलो की दोन, आणि सुट्टीच्या दिवशी जमतील तेवढ्या. प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे आणि खाली चार ओळींचा शेरा लिहायचा. शेऱ्याचा कागद कथेबरोबर लेखकाला परत जाणार होता.

खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी मला मजा आली. माझ्या कविता आतापर्यंत चार ठिकाणांहून परत आल्यात. 'साभार परत' हे दोन शब्द मला पाठ आहेत. त्यातलं 'साभार' मला कधी कळलं नाही. आभार कशाचे मानतात? आता पेन माझ्या हातात होता. आठव्या कथेपर्यंत मी माझ्या नकळत जिभेनं चक् चक् करत मान हलवायला लागलो होतो. आई चुलीपासनं म्हणाली, कुणावर एवढा उखडलायस?

मी इथं त्या ३४ कथांबद्दल लिहिणार आहे, आणि त्यांच्यावर मी जो निकाल दिला त्याच्याबद्दलही. समीक्षा दुसऱ्याच्या लिखाणाची करायची अशी आपल्यात पद्धत पडली आहे. परीक्षकाच्या शेऱ्याची कुणी करत नाही. माझ्या शेऱ्याची व्हायला पाहिजे, कारण त्यातली एक कथा मी मारली आहे.

आधी कथा. वाचता वाचता मी मागच्या कोऱ्या पानावर रेघा ओढून मोजदाद करत गेलो. ३४ पैकी १८ कथा पाटलाच्या वाड्यात सुरू होतात. १३ कथांत नायकाच्या बहिणीवर अत्याचार होतो, आणि त्या बहिणीला सबंध कथेत एक वाक्य बोलायला मिळत नाही. ती किंकाळी फोडते आणि संपते. ११ कथा बाबासाहेबांच्या फोटोपाशी येऊन थांबतात. नायक फोटोकडे बघतो, मूठ आवळतो, डोळ्यांत अंगार फुलतो. अकराच्या अकरा जणांच्या डोळ्यांत अंगार. एकाच्याही डोळ्यांत रात्रपाळीची चुरचुर नाही.

कुणी म्हणेल, पाटील संपले काय? अत्याचार संपले काय? नाही संपले. खैरलांजी २००६ सालची आहे, पेशवाईतली नाही. पण खैरलांजी मनात ठेवून या कथा वाचल्या तर त्या जास्तच उघड्या पडतात. तिथं एका घराची स्वतःची शेती होती, शिकणारी मुलं होती, शेतातून रस्ता नेण्यावरून वाद होता. म्हणजे माणसं मान वर करून जगायला लागली होती, आणि ते बघवत नव्हतं. आमच्या पोरांच्या कथांतल्या पाटलाला असलं काहीच लागत नाही. त्याच्याकडं शेत किती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, कर्ज कुणाचं, पोरगा काय करतो, कशाचा पत्ता नाही. मिशी आहे आणि चाबूक आहे. हा पाटील गावातून आलेला नाही, सिनेमातून आलाय.

नंबर टाकले तरी छोट्या ठिकाणी कोण लिहितं ते लपत नाही. लिहिणाऱ्यांतले बरेच मी ओळखतो. एक एमआयडीसीत ठेकेदाराकडं आहे. एक कचरागाडीवर. एक स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलाय. एक घरोघर पार्सल पोचवतो. त्यांतल्या एकानंही वाडा आतून बघितलेला नाही. पार्सलवाल्याला तर एका घरी उन्हातान्हात पाणी विचारलं गेलं, मग आडनाव विचारलं गेलं, आणि भरलेला ग्लास तसाच आत गेला. हे त्यानं मला स्वतः सांगितलंय, हसत हसत सांगितलंय. ती बाई त्याच्या कथेत नाही. त्याच्या कथेत वाडा आहे. का? तर ती बाई त्याला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती, आणि वाडा भेटला होता. आपल्या आधीच्या लेखकांनी स्वतःचं जगणं लिहिलं. आपण त्यांचं जगणं पुन्हा लिहितोय. त्यांनी अंगावर झेललेलं आपण नुसतं उतरवून काढतोय.

अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' घ्या. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या कडेला खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. मग मढ्याच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो रात्री मढी उकरायला लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि दोन बोटं कायमची जातात. आणि मग कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. तो धिप्पाड माणूस पोरासारखा रडतो. कथा तिथं संपते. अण्णाभाऊ लाल बावटा कलापथकाचे शाहीर. मैदान गाजवणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा हजारपट येत होतं. तरी शेवटाला भीमाच्या तोंडी त्यांनी भाषण घातलेलं नाही. बेकारी माणसाचं काय करते हे सांगायला त्यांना एक जबडा आणि दोन बोटं पुरली.

किंवा बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. कथासंग्रह १९६३ सालचा, कथेचं नावच संग्रहाला आहे. माणूस रेल्वेच्या नोकरीवर परगावी जातो, जात लपवून राहतो. मार शेवटी बसतो. पण मला वाचताना काटा आला तो माराच्या आधी, लोक त्याच्याशी गोडीनं वागायला लागतात तेव्हा. कारण प्रत्येक गोड शब्दागणिक आपल्याला ठाऊक असतं की हे उसनं आहे. आमच्या ३४ कथांत पहिल्या ओळीपासून मार सुरू होतो, आणि तिसऱ्या पानाला वाचणाऱ्याला मार लागायचा बंद होतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तसं होतं खरं.

आता कथा क्रमांक ७. ही माझ्या दोस्ताची. वस्तीतले जयंतीचे बोर्ड तोच लिहितो, त्याचा 'क्ष' मी हजारांत ओळखीन. तिथंच ती कथा बाजूला ठेवून गुरुजींना सांगायला पाहिजे होतं की ही मी तपासत नाही. नाही सांगितलं. उलट दोस्त आहे म्हणून जास्त कडक झालो, आणि मनातल्या मनात त्याला प्रामाणिकपणा म्हणून घेतलं. चार मार्क दिले. शेरा लिहिला, 'पाटील आज्ज्याला का मारतो ते कळत नाही. राग लेखकाचा आहे, कथेचा नाही.' हे दुसरं वाक्य लिहून मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

निकाल लागल्यावर तो पाळी बदलायच्या वेळेला गेटवर उभा.

"चार दिलास व्हय मला?"

"शेरा वाचलास का?"

"वाचला. पाटलाला कारण न्हाई म्हणतोस. माझ्या आज्ज्याला मारलं तवा कारण सांगून मारलं व्हतं?"

मी गप्प. तो म्हणाला, "तू दक्षिणा कमिटीत जाऊन बसलायस. खुर्ची घावली की आपलीच पोरं कमी दिसाय लागत्यात." आणि सायकल वळवून गेला.

तेव्हापासून गेटवर जयभीम होतो, बोलणं होत नाही. पण त्याचे ते दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीत. ते दोन्ही खरे प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर मला आत्ता सुचतंय. आज्ज्याला कारण सांगून मारलं नाही, कबूल. पण आज्जा त्या दिवशी कुठून येत होता, कुठल्या वळणावर मारलं, मार खाऊन घरी आल्यावर त्यानं काय केलं, हे त्या दोस्तानं मला एकदा गच्चीवर बसून सांगितलेलं आहे. आज्जा रक्तानं भरलेला घरी आला, आणि कुणाशी न बोलता त्यानं आधी बैलाला पाणी दाखवलं. मग ओट्यावर बसला. दोस्ताच्या कथेत बैल नाही. कथेत आज्जा दारात कोसळतो आणि 'क्रांती होईल' म्हणून प्राण सोडतो. खरा आज्जा त्यानंतर वीस वर्षं जगला. माझ्या शेऱ्यात हे लिहायला पाहिजे होतं. 'राग लेखकाचा आहे' हे वाक्य मी कुठल्याही कथेखाली चिकटवू शकलो असतो. 'बैल कुठाय?' हे फक्त त्याच्याच कथेखाली लिहिता आलं असतं.

दुसरा प्रश्न दक्षिणा कमिटीचा. ही शिवी आपल्यात सर्रास देतात, पण तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांच्या अमलात त्या पैशातला भाग मराठी ग्रंथांना बक्षिसं द्यायला वळवला गेला आणि ग्रंथ तपासायला कमिटी आली. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून त्या कमिटीकडं पाठवलं. पोटुशी कुणबीण आणि तिचा नवरा यांना जोशी ग्रहांची भीती घालून कसा नागवतो, हा नाटकाचा विषय. कमिटीनं नाकारलं. पुढं १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी सांगून ठेवलंय की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. ज्याच्या धंद्यावर नाटक, तोच परीक्षक. ते नाटक छापून लोकांसमोर आलं १९७९ साली. मधे १२४ वर्षं गेली. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना तोवर ते हिशेबात धरावं लागलं नाही, इतकी एका नापसंतीची किंमत.

म्हणून दोस्त जे बोलला ते नुसतं रागानं बोलला असं मी म्हणणार नाही. नापसंतीचा कागद आला की आपल्या माणसाला आधी जात आठवते, ती उगीच आठवत नाही.

पण त्याच जोतीरावांची अजून एक गोष्ट आहे आणि ती आपण कमी सांगतो. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्याची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधु'त छापून आली आणि पुढची थांबली. 'दीनबंधु' चालवत होते नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक माणूस. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं ते त्यांनीच, आणि गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी १८९० साली मिळाली ती त्यांच्याच झगड्यातून. त्या सुट्टीत बसून मी या कथा तपासल्या. असा माणूस, आपलाच, आणि त्यानंही हात आखडला. जोतीरावांना त्याचा राग आला, तो त्यांनी लिहूनही ठेवला. पण असूड त्यांनी पेटीत ठेवला नाही. गावोगाव शेतकऱ्यांना वाचून दाखवला, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवला. छापणारा नसेल तर ऐकणारा आहेच, हा हिशेब.

तेव्हा परत करणारा कोण आहे, एवढ्यावरून नापसंती खरी की खोटी हे कळत नाही. मग कशावरून कळतं? त्यानं कारण दिलं का, यावरून म्हणावं, तर कारण देणंही पुरत नाही. माझा आज्जा मुंबईला गिरणीत बदली कामगार होता, १९८२ च्या संपानंतर गावी आला तो कायमचा. तो त्याच्या आधीच्या लोकांची हकीकत सांगायचा. आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. पगार विणाईत जास्त. कारण विचारलं तर तयार असायचं. धोट्यात धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, ह्यांच्या तोंडानं तो बाटतो. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. आता बघा, कारण दिलेलं होतंच की. पण त्याच धोट्याला दुसऱ्याची थुंकी चालत होती. म्हणजे कारण सगळ्यांना सारखं लावलं का, हे बघायचं. हे वाक्य मी फार शहाणपणानं लिहितोय, पण मला ते कळलं ते उशिरा, आणि कसं कळलं ते पुढं सांगतो.

त्याआधी माझ्या स्वतःच्या परत आलेल्या कवितांचं. पहिली परत आली तेव्हा मी ती फाडली. दुसरीच्या वेळी आडनाव बघून परत केली म्हणून महिनाभर वस्तीत सांगत हिंडलो. तसं झालंही असेल. पण चौथी परत आल्यावर सगळ्या पुन्हा काढून वाचल्या, आणि दुसऱ्या कवितेत मला माझा एकही शब्द सापडेना. सगळे ढसाळांचे. 'गोलपिठा' वाचून मी वेडा झालो होतो, आणि कामाठीपुरा कधी डोळ्यांनी न बघता कामाठीपुऱ्याच्या शिव्या लिहीत होतो. आमच्या खात्यात बाराशे चात्या एकदम फिरतात तेव्हा कानात जे होतं, ते त्या कवितेत कुठंच नव्हतं. ती कविता परत करणाऱ्यानं एक ओळ लिहिली असती की बाबा रे, हे तुझं नाही, तर माझी दोन वर्षं वाचली असती. त्यानं छापील चिठ्ठी लावली. जातीवरून केलं की कंटाळ्यानं केलं, हे मला आजही सांगता येत नाही. छापील चिठ्ठीचा तोच फायदा असतो, तिच्या मागं काहीही लपतं.

'गोलपिठा'चा विषय निघाला म्हणून अजून एक. त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची आहे. तेंडुलकरांना त्यातले किती शब्द कळत नव्हते. त्यांनी ते ढसाळांना विचारले, त्या वस्तीतून त्यांच्याबरोबर हिंडले, आणि मग लिहिलं. पांढरपेशा माणूस, पण न कळलेला शब्द आधी विचारला. आमच्या बैठकीत गुरुजींनी 'पानी', 'लोनी', 'कोन हाय' याखाली लाल रेघा मारून मार्क कापले होते. मी त्यावर तासभर भांडलो. गुरुजी चांगला माणूस, शेवटी म्हणाले, बरं, बोलण्यातलं राहू दे, निवेदनातलं कापतो. तेवढं मी मान्य केलं. खरं तर तेही करायला नको होतं.

आता कथा क्रमांक २६.

कथेचं नाव 'डबा'. नायिकेला नाव नाही, नुसती 'ती'. सूतगिरणीत कोन भरायच्या खात्यात कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसतात, डबे मधे ठेवतात, सगळ्या सगळ्यांच्या डब्यातलं घेतात. तिच्या डब्यातलं कुणी घेत नाही. कुणी काही बोलत नाही, चांगलं वागतात, तिला वाढतातसुद्धा. तिला वाटतं, आपली भाजी बरी होत नसावी. म्हणून ती दाण्याचं कूट वाढवते. मग तेल वाढवते. मग भरली वांगी करते, मग सुकं खोबरं घालते. महिना संपायच्या आत तेलाची पिशवी संपते, नवरा ओरडतो. डबा तसाच परत येतो आणि रात्री मुलगी तो मिटक्या मारत खाते. एके दिवशी ती डबा रिकामा नेते. झाकण काढून रिकामा डबा गोलाच्या मधे ठेवते. सगळ्यांचे हात थांबतात. मग शेजारची बाई घाईघाईनं आपल्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात घालते. तिच्या डब्याकडं पहिल्यांदा कुणाचा हात आला, तो घ्यायला आला नाही, घालायला आला. ती घरी येते आणि मुलीला एवढंच सांगते, उद्यापासनं भाजीला तेल कमी घाल. कथा संपली.

या कथेला मी तीन मार्क दिले. शेरा माझ्याच अक्षरात आहे. 'विद्रोहाचा अभाव. नायिका स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही. भाजीचं वर्णन फार.'

वर मी अकरा फोटोंना हसलो. ते हसणं खरं आहे. पण तो फोटो जिथं नव्हता, त्या कथेला मी फोटो नाही म्हणूनच खाली टाकलं. आणि हे कारण तरी मी सगळ्यांना लावलं का? क्रमांक १२ ही वस्तीतल्या पोरांच्या क्रिकेटच्या मॅचची कथा. तिच्यात विद्रोहाचं नाव नाही. मला वाचताना हसू आलं, मी सात दिले. तिथं विद्रोह आठवला नाही. भाजी आली आणि आठवला. मग माझ्यात आणि त्या विणाईखात्यातल्या मुकादमात फरक काय राहिला? कारण तयार, आणि ते एकीलाच लावलेलं.

हे मला कळलं ते बैठकीत. मार्कांची बेरीज झाली होती, तक्ता वाचनालयाच्या पोरांनी सही करून घेतला होता. मग बाई म्हणाल्या, एक कथा मागं पडली, ती मला वाचून दाखवायची आहे. त्यांनी 'डबा' मोठ्यानं वाचली. मी रोज त्या बायकांच्या गोलाशेजारून पाण्याच्या टाकीकडं जातो. आमच्या गिरणीतही कोनखात्याच्या भिंतीला रिकाम्या खोक्यांवर बायका तशाच बसतात. त्या गोलात कुणाचा डबा तसाच परत जातो, हे मी सात वर्षांत बघितलेलं नाही. आणि बाईंचं वाचून होईपर्यंत मला तो डबा कुणाचा ते कळलं होतं. आमच्याच वस्तीतली आहे. माझ्या आईच्या बरोबरीची.

जातीच्या छळाचा हिशेब तेलात मांडलेला मी आजवर वाचला नव्हता. पाटील दारात येऊन मारतो तो एक दिवस. हे रोजचं, पगारातून कापून जाणारं. आणि त्यातली खरी मेख ही की तिला महिनोन् महिने वाटतं, खोट आपल्या भाजीत आहे. बागुलांच्या कथेत माणसानं जात चोरली होती. इथं सगळ्यांना जात ठाऊक आहे, आणि एकीच्याही तोंडून ती निघत नाही. आजची जात अशीच चालते, निदान आमच्या खात्यात. शेवटी तेल कमी करणं हा विद्रोह नाही तर काय आहे? ती त्यांच्यासाठी रांधायचं सोडते.

गुरुजींचे आठ, बाईंचे नऊ, माझे तीन. बेरीज २०. बक्षिसं तीनच होती, २३, २२ आणि २१ ला गेली. मी सात दिले असते तर २४ होऊन पहिला नंबर तिचा होता. मी म्हटलं, मला मार्क बदलायचेत. गुरुजी म्हणाले, "नाही. आज तुला पाझर फुटला म्हणून बदलशील, उद्या कुणी दारात येऊन रडलं म्हणून बदलशील." बाई काही बोलल्या नाहीत. मार्क तसेच राहिले. गुरुजी बरोबर होते असं मला वाटतं, आणि तिच्यावर अन्याय झाला असंही वाटतं. दोन्ही वाटतं. शेऱ्याखाली मी दुसरा कागद जोडला, वर जे लिहिलंय ते त्यात लिहिलं आणि सही केली.

बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' लिहून वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं होतं. पुस्तक १९८६ साली आलं. बाईच्या लिखाणाला परीक्षकापर्यंत पोचायच्या आधीच घरात किती जणांच्या हातून पास व्हावं लागतं, हे आपल्या चळवळीतल्या पोरांनी कधी मोजलेलं नाही. मीही नाही. ३४ कथांत बाईनं लिहिलेल्या किती, हे मी नावं उघडल्यावर बघितलं. दोन.

बक्षीस समारंभानंतरच्या सुट्टीला ती वाचनालयात आली. पदराला हात पुसत उभी राहिली. हातात दोन्ही कागद. मी उठून म्हटलं, मावशी, चूक झाली माझी. ती म्हणाली, "ते वाचलं रं. लेकीनं वाचून दावलं. सात कापलेस त्याचं लिवलंयस सगळं. तीन कशाचं दिलंस?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, अक्षर चांगलं होतं.

"अक्षर लेकीचं हाय," ती म्हणाली. "मी सांगितलं, तिनं लिवलं."

मग बसली. चहा घेतला. गिरणीत कुणाला सांगू नको म्हणाली, आणि छापायला हरकत नाही, पण नाव नको. कथा क्रमांक २६ मी लेकीच्या वहीवरून उतरवून घेतली आहे, 'हाय' आणि 'लिवलं' सकट, आणि या लेखासोबत संपादकांकडे देतोय. जागा एकीलाच असेल तर लेख ठेवावा आणि कथा घ्यावी. दोस्तालाही निरोप पाठवलाय की बैलाचं लिहून दे. अजून उत्तर नाही.